निळ्या तळ्यावरून डावीकडे

दहा मार्चला सकाळी दहा वाजून छत्तीस मिनिटांनी माझं विमान आणि राजचं विमान यांच्यामध्ये एका माणसाच्या उंचीएवढं अंतर उरलं होतं. माणूस मध्यम उंचीचा.

असं काही घडलेलं नाही.

तसा कागदच आहे. ‘सदर दिवशी सर्व उड्डाणे सुरळीत पार पडली. नोंद घेण्यासारखे काही घडले नाही.’ खाली तीन सह्या आहेत. त्यातली तिसरी, उजवीकडे घसरत गेलेली, माझी. पल्लवी सांगळे. तेव्हा जे घडलं नाही ते पहिल्यापासून सांगते.

सिन्नरच्या पुढे माळावर आमची विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे. एक धावपट्टी, चार छोटी विमानं, तेरा विद्यार्थी आणि एक कुत्रा. टॉवर नाही. पत्र्याची एक खोली आहे, तिच्यावर अँटेना आहे, आणि आत जो कुणी रिकामा असेल तो रेडिओपाशी बसतो. हवेत कोण कुठे आहे हे ज्याचं त्यानंच रेडिओवर सांगायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं. सिन्नर फाट्यावर जीपवाले ओरडतात तशीच ही पद्धत, फक्त जीप एकमेकींच्या वरून जात नाहीत.

आम्ही दिवसभर एकच काम करतो. धावपट्टीभोवती चौकोन काढतो. उडायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे वळायचं, धावपट्टी डाव्या हाताला ठेवून उलट दिशेनं सरळ जायचं. मग आणखी एक डावं वळण, आणखी एक डावं वळण, की समोर धावपट्टी. उतरायचं. पुन्हा उडायचं. बैलानं घाणा ओढावा तसं, पण बैलाला रेडिओवर बोलावं लागत नाही.

यातलं तिसरं वळण कुठे घ्यायचं, यावर सगळं अवलंबून असतं. पुस्तकात त्याची रीत दिली आहे. मागे वळून धावपट्टीचं टोक बघायचं, कोन मोजायचा, वारा बघायचा. आमचे मुख्य प्रशिक्षक कॅप्टन अमित सर म्हणतात, “मान कशाला मोडून घेता? निळं तळं आलं की वळा.”

निळं तळं म्हणजे चंदर नावाच्या एका शेतकऱ्याचं शेततळं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, आत निळं प्लास्टिक. वरून बघितलं तर कुणाचा तरी रुमाल पडलाय असं वाटतं. बारा वर्षं सगळ्या तुकड्या त्या रुमालावरून डावीकडे वळल्या. वळताना रेडिओवर म्हणायचं, “ब्लू पाँड, टर्निंग बेस.” हे ऐकलं की बाकीच्यांना कळतं, विमान नेमकं कुठे आहे.

त्या सकाळी राजला यायला उशीर झाला. तो गंगापूर रोडला राहतो आणि त्याची गाडी नेहमी सिन्नरच्या घाटात कशामागे तरी अडकते. त्याच्या विमानाची तपासणी मीच करून टाकली. चाकांतली हवा बघितली आणि तपासल्याची खूण म्हणून डाव्या चाकावर खडूनं लिहिलं, ओके.

मग तो माझ्या पुढे उडाला, मी त्याच्या मागून. मी एकटीच होते. एकटीनं उडण्याची, म्हणजे सोलोची, माझी ती अकरावी वेळ. उलट दिशेच्या बाजूला असताना रेडिओवर राजचा आवाज आला, “ब्लू पाँड, टर्निंग बेस.” मी म्हटलं, छान. तो वळला, म्हणजे तो आता माझ्या डावीकडे खाली कुठेतरी उतरत असणार. मी डावीकडे बघितलं. दिसला नाही. उतरला असेल, असं समजले. मग तळं आलं. पाणी आटून तळाशी शेवाळलं होतं, कडेचं प्लास्टिक धुळीनं मातकट झालं होतं, पण जागा तीच. “ब्लू पाँड, टर्निंग बेस,” मी म्हटलं आणि वळले. पुन्हा वळले. समोर धावपट्टी आली.

या सगळ्यात मी सतत डावीकडे बघत होते. धावपट्टी डावीकडे असते, वळणं डावीकडे असतात. उजवीकडून कुणी येत नाही, त्यामुळे उजवीकडे बघायचं कुणी शिकवतही नाही.

मी उतरायला लागले. ऊन डाव्या खांद्यामागून येत होतं आणि उजव्या हाताला खाली शेतांवरून माझी सावली पळत होती. मला माझी सावली बघायला आवडते. एकटं असलं की तेवढीच सोबत. टोमॅटोच्या वावरावरून गेली, एका पत्र्यावरून उडी मारून गेली, आणि मग तिला दोन शेपट्या आल्या.

मी बघत राहिले. सावलीला दोन शेपट्या. मग चार पंख.

किती वेळ बघत राहिले ते सांगता येत नाही. दोन सेकंद असतील. मला आठवतंय की पहिला विचार आला तो असा, की माझ्या विमानाला काहीतरी उगवलंय. मग डोक्यावरचा आवाज बदलला. माझ्या इंजिनाचा आवाज मला पाठ आहे. हा त्याच्यावर चढलेला दुसरा आवाज होता. मी वर बघितलं आणि समोरच्या काचेच्या वरच्या कडेतून एक चाक आत आलं. काळं, हळूहळू फिरणारं, वाऱ्यानं फिरतं तसं. त्यावर पांढऱ्या खडूनं लिहिलं होतं, ओके. ते अक्षर एकदा उलटं झालं, एकदा सुलटं झालं.

माझंच अक्षर.

मी विमान उजवीकडे आडवं टाकलं. शिकवल्याप्रमाणे नाही, विळी हातातून पडावी तसं. टोमॅटो खिडकीत आले, कुठेतरी धोक्याचा भोंगा वाजायला लागला. तो भोंगा विमानाचा होता की माझा, हे नंतरही ठरलं नाही. मग पाय आपोआप हलले, हात आपोआप हलले, आणि मी पुन्हा सरळ होऊन वर चढत होते. रेडिओवर राज शांतपणे म्हणत होता, “लँडेड.”

मी आणखी एक चौकोन काढून उतरले. तीनदा उतरले खरं तर, दोनदा उसळले. राज चहा पीत उभा होता.

“काय गं, मध्येच कुठं गेलीस?”

त्यानं मला बघितलंच नव्हतं. मी त्याच्या नाकाखाली होते. वरच्याला खालचा दिसत नाही, ही विमानांचीच गोष्ट सांगतेय.

“तू कुठं वळलास?” मी विचारलं.

“ब्लू पाँडवर. तू?”

“ब्लू पाँडवर.”

दोघंही खरं बोलत होतो. सगळ्यात भीती वाटावी अशी गोष्ट तीच होती.

कॅप्टन अमित सरांच्या केबिनमध्ये मी सगळं सांगितलं. सर पन्नाशीचे आहेत. आवाज असा, की रेडिओवर बाजारभाव वाचून दाखवावेत. तो चढलेला कुणी ऐकला नाही.

“किती जवळ?” सर म्हणाले.

“चाकावरचं खडूचं अक्षर वाचता आलं, सर.”

“काय होतं?”

“ओके.”

सर खुर्चीत मागे टेकले. “मग झालं तर.”

मला वाटलं, विनोद आहे. या शाळेत विनोद मी करते, सर करत नाहीत, म्हणून थांबून बघितलं. सरांनी कागद पुढे ओढला होता.

“पल्लवी, हे वर कळवलं की चौकशी येईल. चौकशी आली की उड्डाणं बंद. तीन महिने, सहा महिने, कोण जाणे. छायाची पहिली सोलो पुढच्या बुधवारी आहे. तिच्या लेखी परीक्षांची मुदत जुलैत संपते, मग सगळं पहिल्यापासून. तिला तू सांगशील का मी सांगू?”

छाया माझी खोलीतली मैत्रीण. कळवणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यावरची. त्या पाड्यावरून विमान चालवायला आलेली ती पहिली आणि बहुतेक पाड्याबाहेर इतक्या उंच गेलेलीही पहिलीच. 

“निदान तळ्याला नवं नाव देऊ, सर. काहीतरी घोटाळा आहे तिथे.”

“बदललं की तपासणीला येणारा विचारेल, का बदललं?”

“काही घडलं नाही म्हणून बदललं, असं सांगू.”

सरांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि पेन पुढे केलं. मी सही केली.

घोटाळा त्याच संध्याकाळी सापडला. स्कूटर घेऊन मी तळ्याच्या दिशेनं गेले. चंदरच्या तळ्यापासून रस्त्यानं सरळ दोन किलोमीटर पुढे आणखी एक शेततळं होतं. तीस बाय तीस. फेब्रुवारीत झालेलं. काठोकाठ भरलेलं आणि असं निळं, की त्याच्यापुढे आभाळ धुवायला टाकावंसं वाटलं. राज महिनाभर सुट्टीवर होता. परत आल्यावर त्यानं शिकवल्याप्रमाणे निळं तळं शोधलं. त्याला ते सापडलं. तो तिथे वळला, लांबून सरळ धावपट्टीकडे निघाला, आणि मी अलीकडच्या तळ्यावरून वळून त्याच्या वाटेत शिरले.

रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये मी एकेकाला सहज विचारलं, “तुझं निळं तळं कोणतं रे?” सात जणांचं जुनं निघालं. चार जणांचं नवं. एकाला कधीच कुठलं तळं दिसलं नव्हतं. तो आठ महिने दोन्ही तळ्यांपलीकडच्या एका ढाब्याच्या लाल पत्र्यावर वळत होता आणि तोंडानं “ब्लू पाँड” म्हणत होता, कारण सगळे म्हणतात. तेरावी मी.

त्यानंतर मला रेडिओवर ते शब्द ऐकवेनात. कुणी “ब्लू पाँड” म्हटलं की मान आपोआप आत जायची, कासवासारखी. खोलीतला पंखा रात्री जरा जोरात फिरला तरी मी खाली वाकायचे. शनिवारी उड्डाणाची वेळ आली तेव्हा पोट दुखतंय म्हणून सांगितलं. पोट दुखत नव्हतं, ते जागेवरच नव्हतं.

छायाला सांगितलं त्याच दिवशी. ती गादीवर मांडी घालून नकाशा बघत होती.

“छाया, हवेत दोन निळी तळी आहेत.”

“हवेत?”

“जमिनीवर. वरून दिसणारी. आणि मंगळवारी मी आणि राज एकमेकांना धडकता धडकता राहिलो. मला त्याच्या चाकावरचं वाचता आलं.”

“काय लिवलं होतं?”

“ओके.”

छाया हसत सुटली. नकाशा तोंडावर घेऊन हसली. “लय भारी गं. हे नारळापेक्षा भारी.”

इथे नारळाचं सांगायला हवं. गेल्या वर्षी मी तिला सांगितलं होतं की, पहिल्या दिवशी विमानाच्या पंख्यापुढे नारळ फोडला नाही तर इंजीन सुरू होत नाही. तिनं कळवणच्या बाजारातून नारळ आणला. कॅप्टन सरांनी तो गंभीर चेहऱ्यानं फोडला आणि तेव्हापासून शाळेत ती प्रथाच पडली. त्याआधी मी राजला सांगितलं होतं की विमानाला हॉर्न असतो. त्यानं तो दोन दिवस शोधला.

“छाया, आईशप्पथ.”

“हॉर्नच्या वेळी पन आईशप्पथच म्हनली होतीस.” मग ती जरा थांबली. “सरांनी लावलाय तो कागद वाचला मी फळ्यावर. काय घडलं नाय असं लिवलंय. खाली तुझीच सही हाय की.”

 वर्षभर लोकांना हसवलं की माणसाच्या तोंडातून दुसरं काही बाहेर पडू शकतं, हे लोक विसरतात. मग उरतो कागद, आणि कागदावर मी होते.

दोन तळ्यांचं सरांना आणि बाकीच्यांनाही सांगून बघितलं, पण माणसं ऐकत नव्हती, नाव बदलायचं नव्हतं. राहिलं तळं. रविवारी मी नव्या तळ्याच्या मालकाकडे गेले. खंडेराव आणि त्यांची बायको कलाबाई ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. मी सगळं सांगितलं, फक्त मरणाचा भाग गाळला.

“म्हंजे इमानं माझं तळं बघून वळत्यात?” खंडेरावांनी जुडी खाली ठेवली.

“काही काही.”

“तरी म्हनलं,” कलाबाई म्हणाल्या, “ही आपल्याच घरावरून का जात्यात. मला वाटलं वाट चुकत्यात.”

“चुकतातच, मावशी.”

“आन बाकीची?”

“बाकीची अलीकडच्या तळ्यावर वळतात. चंदर काकांच्या.”

खंडेरावांचा चेहरा आंबला. चंदर त्यांचा चुलतभाऊ. आठ वर्षांपूर्वी एका लग्नात मानाचा फेटा चंदरला आधी बांधला गेला, तेव्हापासून बोलणं बंद. “त्याच्या तळ्यात पानी तरी हाय का? निस्ता चिखूल. त्याच्यावर काय वळायचं?”

“काका, बुधवारी सकाळी एक मुलगी पहिल्यांदाच एकटी उडणार आहे. दहा ते अकरा, एवढा एक तास तुमचं तळं झाकता येईल का? म्हणजे वरून एकच तळं दिसेल.”

“झाकायला काय, रोपवाटिकेचं नेट हाय. हिरवं. चार गडी लावले की झालं.” त्यांनी डोळे बारीक केले. “सरकारी काम हाय का?”

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर नेट घरातच राहिलं असतं.

“तसंच समजा,” मी म्हटलं.

“ऐकलं का गं?” खंडेराव कलाबाईंना म्हणाले. “सरकारी काम.”

खोलीवर परतताना मला पहिल्यांदा जरा भूक लागली. मी तेव्हा एका गोष्टीचा विचार केला नव्हता. खंडेरावांना तोंड होतं आणि गावाला पार होता.

बुधवार उजाडला. छायानं नारळ आणला होता. कॅप्टन सरांनी तो फोडला, खोबऱ्याचा एक तुकडा कुत्र्याला दिला, विमानात तिच्या शेजारी बसून शेवटच्या सूचना दिल्या आणि उतरून खाली आले. उजवीकडची खुर्ची रिकामी झाली. छायानं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. 

मी पत्र्याच्या खोलीत रेडिओपाशी बसले. सर खिडकीशी उभे राहिले. छाया उडाली, सुंदर उडाली, बगळ्यासारखी सरळ. तिच्यामागे दोन मिनिटांनी राज उडाला. त्याला थांबवा असं मी सरांना सकाळीच म्हटलं होतं. सर म्हणाले होते, “का थांबवू? काय लिहू कारण?”

मी खिडकीतून लांब बघत होते. नवं तळं या खोलीतून दिसत नाही. एकच तळं, एकच तळं, मी मनात म्हणत होते. मग रेडिओवर छायाचा आवाज आला.

“ब्लू पाँड...” आणि थांबला.

पाच सेकंद काही नाही.

“कॅप्टन, ब्लू पाँड दिसत नाय.”

 जुनं तळं कुठे गेलं? तळं काही रुसून जात नाही.

ते नंतर कळलं. खंडेराव पारावर म्हणाले होते की विमानवाल्या बाई स्वतः घरी आल्या, सरकारी कामासाठी तळं झाकायला सांगून गेल्या. चंदर म्हणाला, याचं झाकायला सांगतात, माझं नाही? मंगळवारी त्यानं सिन्नरहून नेट आणलं. बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता, खंडेरावांच्या आधी अर्धा तास, त्यानं आपलं तळं झाकलं. फेट्याचा मान त्याचा पहिला होता, नेटचाही पहिला. आता दोन्ही तळी आजूबाजूच्या शेतांसारखीच हिरवी चौकोनी दिसत होती आणि अख्ख्या माळावर निळं म्हणून काही उरलं नव्हतं.

“नीट बघ,” सर माइकमध्ये म्हणाले. “तिथेच आहे.”

“नाय, कॅप्टन. सगळं हिरवंच हाय.” ती सरळ जातच राहिली. वळायची खूण नाही म्हणून वळली नाही. धावपट्टी तिच्या मागे मागे पडत चालली.

मग राजचा आवाज आला. “मलाही दिसत नाहीये. अंदाजानं वळतो. टर्निंग बेस.”

तो अलीकडे वळला. तिकडे लांब, ढाब्याच्या लाल पत्र्यावर, छायाही वळली असणार, कारण थोड्या वेळानं ती म्हणाली, “मला धावपट्टी दिसली. सरळ येते.”

मी उठून खिडकीशी गेले. दूरवर, आभाळात, धावपट्टीच्या रेषेवर एक ठिपका होता. छाया. आणि त्याच्या जरा खाली, तिच्या डाव्या बाजूनं सरकत येणारा दुसरा ठिपका. राज. तो डावीकडे धावपट्टी बघत असणार. सगळे डावीकडेच बघतात. ती वरून उतरत होती आणि तिच्या नाकाखाली तो होता. दोन ठिपके जवळ आले. मग दीड झाले.

मी माइक ओढला. “छाया, वर जा! लगेच वर जा!”

रेडिओ खरखरला. “पल्लवी, आत्ता नको ना गं गंमत. माझे हात कापतायत.”

“गंमत नाही. तुझ्याखाली राज आहे.”

“सगळं ओके हाय,” ती म्हणाली. स्वतःलाच सांगितल्यासारखं.

दोन्ही ठिपके मिळून एकच झाले. मला दुसरं काही सुचेना. माझ्याकडे एवढीच एक भाषा होती आणि ती मीच खर्चून बसले होते. मी “छाया, छाया” एवढंच म्हणत राहिले, बटण न दाबता.

कॅप्टन सरांनी माझ्या हातातून माइक घेतला. 

“छाया. पूर्ण ताकद. वर. आत्ता.”

आवाज चढला नव्हता. बाजारभावच. पण शेवटच्या शब्दाशी तो मधोमध चिरला, आणि ती चीर माळभर ऐकू गेली असावी.

“राज, तू खाली. खालीच राहा. वर बघू नकोस, वर येऊ नकोस.”

ठिपका तसाच राहिला. एक. अजूनही एक. कुत्रा खोबरं चावत होता, त्याचा आवाज येत होता. मग त्या ठिपक्यातून दुसरा ठिपका सुटला, वर, हळूहळू, दाणा सालीतून सुटावा तसा.

राज उतरला. छायानं आणखी एक चौकोन काढला. तो काढायला तिला सहा मिनिटं लागली. सर माइक धरून तिला एकेक वळण सांगत होते, “आता डावीकडे. आता सरळ. आता पुन्हा डावीकडे,” तळ्याचं नावही न काढता. चाकं जमिनीला लागली तेव्हा ती एकदाही उसळली नाही.

पहिल्या सोलोनंतर डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची रीत आहे. बाकीची पोरं बादली घेऊन धावली. छाया विमानातून उतरून पंखाला धरून उभी राहिली आणि तिच्यावर बादली रिकामी झाली. सगळे टाळ्या वाजवत होते. ती रडतेय की नुसतीच भिजलीय, हे कुणाला कळलं नाही. बादलीचा मूळ उपयोग हाच असावा.

ती माझ्यासमोर आली. केसांतून पाणी गळत होतं.

“वर चढताना खाली बघितलं,” ती म्हणाली. “माझ्या सावलीला दोन शेपट्या होत्या.”

“हो.”

“म्हंजे तू म्हनली ते खरं होतं.”

“हो.”

“मग नीट का नाय सांगितलं?”

“मी नीटच सांगितलं होतं, छाया.”

तिनं केस पिळले आणि केबिनकडे चालू लागली. चिडली असती तर बरं झालं असतं.

केबिनमध्ये सरांनी नवा कागद घेतला होता. ‘सदर दिवशी सर्व उड्डाणे’ इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. पेन झटकलं. पुन्हा लिहायला गेले. “हे पेन चालत नाहीये,” ते म्हणाले. पेन चालत होतं. राजनं दुसरं दिलं, तेही चाललं नाही. शेवटी मजकूर मी लिहिला, सरांनी सांगितला तसा. छाया म्हणाली, मी सही करणार नाय. सर म्हणाले, काहीतरी घडलं असं लिहिलं तर तुझी सोलो अपूर्ण धरतील, काही घडलं नाही असं लिहिलं तर पूर्ण. मग त्यांनी मान खाली घातली. छायानं ओल्या हातानं सही केली. शाई पसरली. तिच्याखाली मी केली.

त्याला आता नऊ दिवस झाले. नेट दोघांनीही काढलं. चंदरनं एवढ्यावर न थांबता तळ्यातला गाळ काढला आणि नवं प्लास्टिक अंथरलं, भावापेक्षा गडद. आता वरून दोन निळी तळी दिसतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटावीत अशी. फळ्यावर अजून ‘ब्लू पाँड’ हेच लिहिलेलं आहे. छाया रात्री दिवा लावून झोपते. येत्या सोमवारी त्या ढाब्यावर वळणाऱ्या मुलाची पहिली सोलो आहे.

विमानांच्या कचेरीत काही घडलेलं नाही, तिथे माझ्या दोन सह्या आहेत. पण आपल्याकडे जमिनीवर जे काही असतं, विहीर, आंबा, बोजा, भाऊ, त्याची सातबाऱ्यावर कुठेतरी नोंद होते. म्हणून काल मी तलाठी कार्यालयात अर्ज दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, मला पाणी दिलं आणि पोच मात्र दिली नाही. अर्जाची नक्कल माझ्याजवळ आहे:

‘मा. तलाठी साहेब यांसी, अर्जदार पल्लवी सांगळे सविनय सादर करते की, श्री. चंदर व श्री. खंडेराव यांच्या गटांमध्ये प्रत्येकी एक शेततळे असून दोन्ही तळी निळी आहेत. दि. १० व १८ मार्च रोजी सदर तळ्यांमुळे काहीही घडलेले नाही. जे घडलेले नाही ते पुन्हा घडू नये, यास्तव उभय खातेदारांच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, “या जमिनीच्या वर पाचशे फुटांवर दोन मुली मरता मरता राहिल्या, उजवीकडे बघावे” अशी नोंद घेण्यात यावी, आणि सदर नोंद चालत्या विमानातून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, येत्या सोमवारी सकाळी दहाच्या आत करून मिळावी, ही विनंती.’